मागची सीट

(महिला मंडळांच्या कार्यकर्त्यांच्या दोन दिवसांच्या शिबिरात केलेलं भाषण. बोलण्याचं वळण शक्यतो तसंच ठेवलं आहे.)



हुंडा, मारझोड, पोटगी, रेशन, पाणी हे आपल्या शिबिरांचे नेहमीचे विषय. कार्यक्रमपत्रिकेत त्यांच्याच रांगेत 'मोटारसायकलचं रूप आणि बाई' असं छापलेलं पाहून काहीजणींना हसू आलं, ते मी सकाळी चहाच्या वेळी ऐकलं. हसायला हरकत नाही. गाडी हा पोरांचा विषय, असं आपण धरूनच चालतो. टाकीचा आकार कसा, सायलेन्सर कुठला, सीट किती उंच, यावर नाक्यावर तासन् तास बोलणारे ते, आणि घरी वाट बघणाऱ्या आपण. म्हणून सुरुवातीला दोनच प्रश्न विचारते. आज इथं दुचाकीवरून आलेल्या किती जणी? बघा, अर्ध्याहून जास्त हात वर आहेत. आता स्वतः गाडी चालवत आलेल्यांनी हात तसेच ठेवा, मागे बसून आलेल्यांनी खाली घ्या. सात-आठ हात राहिले, आणि त्या सगळ्या स्कूटीवाल्या. बाकीच्या कुणाच्या तरी मागे बसून आलात. नवऱ्याच्या, मुलाच्या, दिराच्या. या मागच्या जागेबद्दल मला आज बोलायचं आहे.

मी कौटुंबिक सल्ला केंद्रात काम करते. एम. एस. डब्ल्यू. करताना फील्डवर्कसाठी एका सरकारी रुग्णालयाच्या अपघात विभागात होते. पेशंटच्या नातेवाइकांशी बोलायचं, कागदपत्रं पुरी करायला मदत करायची, असं काम. तिथं एक वाक्य वारंवार कानावर यायचं, 'बाई गाडीवरून पडली.' गाडी घसरली नाही, कुणी ठोकरलं नाही, चालवणाऱ्याला खरचटलंही नाही. बाई तेवढी पडली. गतिरोधक आला, खड्डा आला, पदर चाकात गेला, मांडीवरच्या बाळाला सावरताना हात सुटला. सांगणाऱ्याच्या, लिहून घेणाऱ्याच्या आणि कधीकधी त्या बाईच्याही मनात असायचं की हिलाच नीट बसता आलं नाही.

आता नीट बसायचं म्हणजे काय, ते बघू. साडी नेसलेली बाई एका बाजूला पाय सोडून बसते. तिचं वजन सीटच्या डाव्या कडेला जातं. तोंड रस्त्याच्या कडेकडे, त्यामुळे पुढचा खड्डा तिला दिसत नाही. चालवणाऱ्याला दिसतो, तो हँडल घट्ट धरतो, आणि तिला कळायच्या आत मागचं चाक उसळतं. दोन्हीकडे पाय टाकून बसलेला माणूस मांड्यांनी गाडीला धरून असतो. हिला धरायला फक्त हात. एक हात नवऱ्याच्या खांद्यावर, तोही पारावर सासरे बसलेले दिसले की खाली यायचा. दुसऱ्या हातात पिशवी नाहीतर मूल. अशी बाई पडते ती बहुधा मागच्या मागे, आणि डोकं आपटतं. हेल्मेट असलंच तर पुढच्याच्या डोक्यावर असतं. मोटार वाहन कायद्याचं १२९ वं कलम मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट सांगतं, पण देशाच्या राजधानीतसुद्धा २०१४ पर्यंत बायकांना त्यातून सूट होती. त्या वर्षी शीख स्त्रिया वगळता बाकीच्यांना सक्ती झाली. सूट म्हणजे सवलत, असं आपल्याला वाटतं. डोक्याच्या बाबतीत सवलत कसली घ्यायची?

कायदा करणाऱ्यांना या मागच्या बाईचा विचार सुचलाच नव्हता, असं मात्र नाही. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत १२३ क्रमांकाचा नियम आहे. तो वहीत लिहून घ्या. ज्या मोटारसायकलवर मागे माणूस बसवायची सोय आहे, तिला तीन गोष्टी असल्याच पाहिजेत, असं तो सांगतो. चालवणाऱ्याच्या सीटच्या बाजूला किंवा मागे धरायला कायमची मूठ, पाय ठेवायला फूटरेस्ट, आणि मागच्या चाकाचा निदान अर्धा भाग झाकणारं असं काहीतरी, की मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत. कायद्यात 'कपडे' एवढाच शब्द आहे. आपण त्यात पदर, ओढणी, बुरखा, परकर सगळं वाचायचं. ही तिसरी वस्तू म्हणजे आपण ज्याला साडी गार्ड म्हणतो ती चाकाच्या डाव्या बाजूची लोखंडी जाळी. पुष्कळ गाड्यांवर तिच्या खालच्या अंगाला एक आडवी पट्टी असते, एका बाजूला बसलेल्या बाईला दोन्ही पाय टेकवायला. एवढ्या मोठ्या यंत्रात बाईसाठी म्हणून घडवलेली वस्तू बहुतेक ही एकच.

आणि गाडीवरची सगळ्यात नावडती वस्तूही हीच. शोरूममधून गाडी बाहेर पडली की पोरं पहिली ही जाळी उतरवतात. तुमच्या गावातल्या एखाद्या गॅरेजच्या मागे जाऊन बघा, कोऱ्या साडी गार्डांचा ढीग दिसेल. का काढलं म्हणून मी बऱ्याच जणांना विचारलं आहे. उत्तर साधारण एकच. गाडी भरल्यासारखी दिसते, चाक झाकलं जातं, काकांची गाडी वाटते. एका मुलानं जास्त खरं उत्तर दिलं. तो म्हणाला, ताई, जाळी असली की लग्न झालेल्याची गाडी वाटते. म्हणजे मागे बसणाऱ्या बाईची खूणसुद्धा गाडीवर नको, बाई मात्र मागे बसायला हवी.

ही आवडनिवड पोरांच्या डोक्यात कुठून आली? त्यांना एकट्यांना दोष देऊन भागत नाही. थोडा मागचा इतिहास बघू या. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, १९९४ मध्ये स्प्लेंडर. तुमच्या घरात यातली एक तरी येऊन गेली असेल. लांब, सपाट, एकसंध सीट. तिच्यावर नवरा-बायको आणि मधे मूल बसायचं, कायद्याला ते मान्य नसलं तरी. मागे धरायला जाड दांडा, चेनवर पत्र्याचं पूर्ण कव्हर, चाकाला जाळी. दिसायला साधी, पण कुटुंबाची गाडी. २००१ मध्ये बजाजची पल्सर आली. तिची जाहिरात आठवते? 'डेफिनेटली मेल', म्हणजे नक्कीच नर. यंत्राला लिंग चिकटवलं, आणि ते खपलं. टाकीला पुरुषाच्या खांद्यासारखा फुगार, गाडी पुढून भारी, मागे निमुळती होत गेलेली. पुढे २००७ मध्ये तिच्याच २०० आणि २२० सीसीच्या गाड्यांवर सीटचे दोन तुकडे झाले, पुढची चालवणाऱ्याची वेगळी, मागची वेगळी. मग हीच तऱ्हा सगळ्या स्पोर्टी म्हणवणाऱ्या गाड्यांवर आली. मागचा तुकडा अरुंद आणि उंच, दांड्याऐवजी दोन बारीक मुठी, काहींना त्याही नाहीत. चेन उघडी.

हे रूप आलं शर्यतीच्या गाड्यांवरून. शर्यतीत मागे कुणी बसत नाही, म्हणून तिथं शेपूट आखूड आणि वर उचललेलं असतं. ते रूप उचलून कुटुंबाच्या गाडीवर आणलं तेव्हा बाईची जागा शेपटावर गेली. तिथं एका बाजूला बसणं म्हणजे कुंपणाच्या कठड्यावर बसण्यासारखं. दोन्हीकडे पाय टाकून बसली तर प्रत्येक ब्रेकला ती पुढच्याच्या पाठीवर आदळते. नवीन लग्न झालेल्या पोरी हे हसून सांगतात, सिनेमातही तसंच दाखवतात. कंबरदुखी घेऊन तिसऱ्या वर्षी येतात तेव्हा हसत नाहीत. शोरूममध्ये मिळणाऱ्या माहितीपत्रकात सीटची उंची छापलेली असते, ती चालवणाऱ्याच्या सीटची. मागच्या सीटची उंची छापलेली मी अजून पाहिलेली नाही.

यातला एक किस्सा मला फार बोलका वाटतो. यामाहाची आर-१५ ही कॉलेजच्या पोरांची लाडकी गाडी. ती २००८ मध्ये आली तेव्हा एकसंध सीट होती. २०११ मध्ये नवी आवृत्ती आली, तिची सीट दुभंगलेली आणि मागची बाजू उंच. पोरं खूष. पण २०१५ मध्ये कंपनीनं त्याच गाडीची एक वेगळी आवृत्ती पुन्हा बाजारात आणली, आर-१५ एस नावाची, आणि तिचं वैशिष्ट्य काय, तर एकसंध सीट! २०२१ मध्ये पुन्हा तोच प्रकार, नव्या गाडीला एकसंध सीट लावून 'एस' विकली. याचा अर्थ मी असा लावते की मागे बसणाऱ्यांची तक्रार कारखान्यापर्यंत पोचते, खपावर परिणाम व्हायला लागला की पोचते. आपण तक्रार करत नाही, म्हणून ती उशिरा पोचते.

कायद्याच्या वाटेनं गेलेली माणसंही आहेत. हा १२३ वा नियम कागदावरच राहतो म्हणून मध्य प्रदेशच्या उच्च न्यायालयात याचिका झाली. २००८ मध्ये न्यायालयानं नियम पाळायला लावण्याचा आदेश दिला. गाड्या बनवणाऱ्या कारखानदारांची संघटना त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि २०१८ मध्ये त्यांचं अपील फेटाळलं गेलं. एका जाळीसाठी आणि एका मुठीसाठी दहा वर्षं! २०२० मध्ये केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानं हाताला धरायची सोय, फूटरेस्ट आणि चाकाचं आवरण यांबद्दल पुन्हा स्पष्ट केलं. तेव्हा उद्या तुमच्या घरी नवी गाडी आली आणि शोरूमवाला साडी गार्डाचे वेगळे पैसे सांगायला लागला, तर त्याला हा नियम ऐकवा. नियमानं जे गाडीला असायलाच हवं, ते हौशीचं सामान म्हणून विकता येत नाही.

आता माझ्याकडे आलेली एक केस सांगते, नाव-गाव सांगत नाही. लग्नात मोटारसायकल ठरली होती. हुंडा म्हणायचं नाही, 'जावयाला गाडी' म्हणायचं, हे आपल्याला पाठ आहे. मुलाकडच्यांनी नुसती गाडी मागितली नव्हती. मॉडेल, रंग, चाकं कुठली, सगळं सांगितलं होतं. मुलीच्या बापानं सोसायटीचं कर्ज काढलं. गाडी त्याच्या आवडीची, हप्ते हिच्या बापाचे, कागद त्याच्या नावावर. पूजेचा हार सुकायच्या आत त्यानं जाळी काढली, मागचा दांडा काढला, मागचा मडगार्ड छाटला. आठव्या महिन्यात माहेराहून परतताना ही पडली. खुबा मोडला. सहा महिने अंथरुणावर. मग सासरचे म्हणायला लागले, हिला आता शेतातलं काम होत नाही, ठेवून काय करू. ती आमच्याकडे आली ती 'नांदवत नाहीत' म्हणून, अपघाताचं तिनं दुसऱ्या दिवशी सांगितलं, तेही मी विचारल्यावर. तडजोडीच्या बैठकीत रुखवताची यादी झाली. भांडी आली, कपाट आलं, पलंग आला. गाडी आली नाही, कारण कागदावर ती त्याची.

अशा वेळी आपल्याला काय माहीत हवं? १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याचं सहावं कलम. हुंडा म्हणून आलेली वस्तू दुसऱ्या कुणाच्या हातात असेल तर ती ठरलेल्या मुदतीत बाईच्या नावावर झाली पाहिजे, लग्नाआधी दिली असेल तर लग्नापासून तीन महिन्यांत. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याचं १९ वं कलम, ज्याखाली मॅजिस्ट्रेट तिचं स्त्रीधन आणि इतर मालमत्ता परत करायला सांगू शकतात. दोन्हीला पुरावा लागतो. शोरूमची पावती कुणाच्या नावावर फाडली, पैसे कुणाच्या खात्यातून गेले, हे कागद बापानं जपून ठेवायला हवेत. गाडी देऊच नका हे मी कितीही सांगितलं तरी देणारे देतात, म्हणून हे सांगावं लागतं.

दुसरा कागद विम्याचा. बहुतेक गाड्यांचा पहिल्या वर्षानंतर नुसता थर्ड पार्टी विमा असतो, स्वस्त पडतो म्हणून. आपल्याला वाटतं, मागे बसणारी ती 'थर्ड पार्टी' झाली. तसं नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की नुसत्या कायद्यापुरत्या विम्यात त्याच दुचाकीवर मागे बसलेल्याची भरपाई द्यायला विमा कंपनी बांधील नाही. दुसऱ्या वाहनानं ठोकरलं तर त्या वाहनाचा विमा लागू होतो, ती गोष्ट वेगळी. पण नवऱ्याच्या गाडीवरून गतिरोधकावर पडलेल्या बाईला नवऱ्याच्या थर्ड पार्टी विम्यातून काही मिळत नाही. पॅकेज पॉलिसी असेल तर मिळतं; २००९ मध्ये विमा नियामकानं कंपन्यांना तसं कळवलेलं आहे. वर्षाकाठी वाचलेल्या पैशात पहिली वगळली जाते ती मागची सीट. घरी गेल्यावर कागद काढून बघा, पॉलिसीवर काय लिहिलंय ते.

त्या बाईच्या जिवाचं मोल काय, हाही प्रश्न न्यायालयात जाऊन आलेला आहे. २०१४ मध्ये दिल्लीत मोटारसायकलवरून जाणाऱ्या एका जोडप्याला गाडीनं उडवलं, दोघंही गेले. बाई गृहिणी होती. तिच्या मुलींच्या भरपाईच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२१ मध्ये सांगितलं, की घरकाम करणाऱ्या बाईचं काल्पनिक उत्पन्न धरलंच पाहिजे, ते धरणं म्हणजे तिच्या श्रमांना मान्यता देणं आहे. आपण १९७५ पासून मोर्च्यांत जे ओरडत आलो, ते या निकालात न्यायालयानं लिहिलं, आणि त्याला निमित्त झालं एका मोटारसायकलच्या अपघाताचं.

विषय जड झाला. जरा पोरांच्या हौशीकडे वळू. गाडीत बदल करणं हा गुन्हा आहे का? मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम मूळ रचनेत फेरफार करायला मनाई करतं, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याला प्रत्येक फेरफारामागे पाच हजारांपर्यंत दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरी बुलेटचा सायलेन्सर बदलून फटाके वाजवणारे प्रत्येक गावात आहेत. १७५ सीसीच्या वरच्या मोटारसायकलला कारखान्यातून बाहेर पडताना आवाजाची मर्यादा ८० डेसिबल आहे. हा आवाज मुलींच्या वसतिगृहासमोरूनच का काढावासा वाटतो, हे त्या पोरांना विचारायला हवं. पोलीस असे सायलेन्सर जप्त करतात, रोडरोलरखाली चिरडतात, वर्तमानपत्रात फोटो येतो. चांगलं आहे. पण साडी गार्ड काढलं म्हणून कुणाची गाडी अडवलेली मी कधी पाहिली नाही. ज्या फेरफारानं सगळ्यांच्या कानाला त्रास होतो तो दिसतो; ज्यानं फक्त मागच्या बाईचा जीव जातो तो दिसत नाही. नंबर प्लेटचंही तेच. एक्केचाळीस एक्केचाळीस हा नंबर विशिष्ट वळणानं रंगवला की 'दादा' असा वाचता येतो, आणि त्यासाठी आर. टी. ओ. कडे जादा पैसे भरणारे आहेत. कुठल्या आकड्यातून 'ताई' होते का, हे कुणी शोधलेलं नाही.

आता स्वतः चालवणाऱ्या सात-आठजणींकडे येते. तुमच्या गाड्यांना पुढे पाय ठेवायला सपाट जागा आहे, वरून पाय टाकावा लागत नाही. ही रचना आली वेस्पावरून. १९४६ मध्ये इटलीत पियाजिओ कंपनीसाठी ती कोरादिनो दास्कानिओ नावाच्या विमान-इंजिनिअरनं काढली. त्याला मोटारसायकल फारशी आवडत नसे, असं सांगतात. हात काळे होऊ नयेत, कपडे मळू नयेत, झग्यातल्या बाईलाही बसता यावं, म्हणून इंजिन झाकलेलं आणि पुढं मोकळी जागा. तीच वेस्पा पुण्यात बजाजनं बनवली, पण तिची किक मारणं आणि गिअर टाकणं यांमुळे ती आपल्याकडे पुरुषांचीच राहिली. १९७२ ची लूना, ही आपल्या नगरची, आणि १९८४ ची बिनगिअरची, बटण दाबून सुरू होणारी कायनेटिक होंडा, यांनी खरं दार उघडलं. शिक्षिका, नर्स, बँकेतल्या बायका यांना बसची वाट बघण्यातून सोडवलं ते या गाड्यांनी. त्यांच्यावर बसून संध्याकाळी मोर्च्याला, बैठकीला येता आलं. चळवळीच्या इतिहासात त्यांचं नाव कुणी लिहीत नाही, मी आज इथं घेते.

पण पुढं कंपन्यांनी काय केलं? बाईची गाडी म्हणजे हलकी, छोटी आणि रंगीत. एका कंपनीनं तर स्कूटीला नव्याण्णव रंग दिले. 'सगळी मजा मुलग्यांनीच का करायची' अशी जाहिरात आली प्लेझरची. मजेला माझा विरोध नाही. पण रंग नव्याण्णव आणि उंची एकच! आपल्याकडच्या बाईची सरासरी उंची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार १५२ सेंटिमीटरच्या आसपास, म्हणजे पाच फूट. स्कूटरची सीट ७६५ मिलिमीटरच्या आसपास असते, तिथंच आपल्यातल्या कितीतरी जणी चवड्यावर उभ्या राहतात. मोटारसायकलची सीट बहुधा त्याहून उंच. मग त्या पुरुषांच्याच गाड्या आहेत, असं म्हणायला सगळे मोकळे. मुलगी चालवायला घेते तेव्हा पहिला फेरफार ती करते सीटचा. सीट कव्हरवाल्याकडे जाऊन फोम तासून घेते, दीड-दोन इंच उतरवते. पोरानं सायलेन्सर बदलला तर त्याला शौक म्हणतात. मुलीनं सीट तासून घेतली तर म्हणतात, झेपत नाही तर घेतली कशाला. जमिनीला पाय टेकणं ही चालवणाऱ्याची पहिली सुरक्षितता आहे, ते झेपण्या-न-झेपण्याचं काय घेऊन बसलात? पुण्यात २०११ पासून 'बाइकर्नी' नावाचा मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांचा गट आहे. त्या डोंगर-घाट फिरतात. त्यांचं कौतुक होतंच, पण मला अंगणवाडीच्या मदतनीसाची जुनी, नवऱ्याची स्प्लेंडर चालवत सेंटर गाठणारी धडपड तितकीच मोठी वाटते. आणि गाडी बायका जोडत नाहीत असं समजू नका. २०१६ च्या अखेरीस बजाजनं डॉमिनार आणली, तेव्हा चाकणला ती जोडणारी रांग बायकांची आहे, असं कंपनीनंच सांगितलं होतं.

साडीचा मुद्दा राहिला. दोन्हीकडे पाय टाकून बसणं किंवा चालवणं बाईला शोभत नाही, हे मी अजून ऐकते. २०१३ मध्ये इंडोनेशियात अचे प्रांतातल्या एका शहराच्या महापौरांनी फतवाच काढला होता, की बायकांनी मागे बसताना पाय दोन्हीकडे टाकायचे नाहीत, संस्कृतीला धरून नाही म्हणून. आपण त्यांना हसायला नको. आपल्याकडे फतवा लागत नाही, सासूची एक नजर पुरते. पण संस्कृतीच काढायची तर काढू या. काष्ट्याचं लुगडं नेसणारी आपली आजी शेतात, होडीत, बैलगाडीत, घोड्यावर दोन्ही पाय मोकळे घेऊन बसायची. ते वस्त्र त्यासाठीच होतं. पाय बांधले गेले ते गोल साडीनं, आणि ती सर्वांच्या अंगावर आली ती फार जुनी गोष्ट नाही. गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत नऊवारी नेसून, फेटा बांधून, नथ घालून मुली बुलेटवर निघतात, ते तुम्ही पाहिलंच असेल. काहीजणींना ते नुसतं मिरवणं वाटतं. मलाही थोडं वाटतं, कारण दुसऱ्या दिवशी ती बुलेट भावाकडे परत जाते. पण काष्टा आणि मोटारसायकल यांचं छान जमतं, हे त्यातून सगळ्या गावाला दिसतं, तेवढं मी पदरात पाडून घेते.

मूल घेऊन बसणाऱ्यांसाठी एक सांगायचं राहिलं. २०२२ मध्ये नियम झाला आणि पुढच्या वर्षी लागू झाला, की चार वर्षांच्या आतल्या मुलाला दुचाकीवर नेताना चालवणाऱ्याला बांधणारा पट्टा लावायचा, नऊ महिन्यांपुढच्या मुलाला त्याच्या मापाचं हेल्मेट घालायचं आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा. पट्टा चालवणाऱ्याच्या अंगाला असतो, म्हणजे मूल पुढच्याच्या पाठीशी. तुमचे दोन्ही हात त्यानं मोकळे होतात, हा त्यातला आपल्या कामाचा भाग. मूल त्यानं बांधायचं, दांडा तुम्ही धरायचा.

आता जेवणाची वेळ झाली. जेवणानंतर आवारात उभ्या असलेल्या सगळ्या गाड्या आपण ओळीनं बघायच्या आहेत, ज्यांनी तुम्हाला सोडलं आणि जे झाडाखाली बसलेत त्यांच्यासुद्धा. प्रत्येक गाडीला मूठ आहे का, फूटरेस्ट दोन्हीकडे आहेत का, जाळी आहे का, विमा कुठला, आर. सी. बुकावर नाव कुणाचं, हे वहीत मांडायचं. ती वही घेऊन पुढच्या सोमवारी आपण आर. टी. ओ. कार्यालयात जाऊ. स्टँडमागच्या गॅरेजवाल्या भाऊंना बोलावलं आहे, ते काढलेली जाळी परत कशी बसते ते दाखवतील. चार-सहा जाळ्या त्यांनी त्यांच्या ढिगातून सोबत आणल्यात. ज्यांना दोन्हीकडे पाय टाकून बसायचा सराव करायचा आहे त्यांनी थांबा. काष्टा घालून द्यायला आपल्या कोळीवाड्याच्या मावशी आहेत, आणि गाडी माझी आहे.